कुंडीतला वाटाणा

२०२० च्या पावसाळ्यात पुतण्या पुण्याहून खानापूरला आला आणि चार महिने राहिला. तो अॅनिमेशनच्या कंपनीत आहे. घरून काम करा म्हणून सगळ्यांना सांगितलेलं. घर म्हणजे आमचं जुनं कौलारू घर. जुलैत इथं दिवसातून पाच-सहा वेळा लाईट जाते आणि माजघरात दोन ठिकाणी पातेली ठेवावी लागतात. त्याच्या सामानात एक काळी हार्ड डिस्क होती. "काका, जन्मभर चित्रकला शिकवलीत, एकदा हे बघाच," म्हणत एका संध्याकाळी त्यानं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला.

पहिल्याच सिनेमात पाऊस होता. रात्रभर पाऊस पडतो, सकाळी एक लहान मुलगी खिडकीबाहेर बघते तर गाव पाण्याखाली गेलेलं. घाबरायचं सोडून ती खूश होते. तिच्या घरात एक भला मोठा पांडा आणि त्याचं पिल्लू राहत असतं. तिघं मिळून पलंगाची होडी करतात आणि पाण्यात अडकलेल्या सर्कशीतल्या जनावरांना सोडवायला निघतात. पाण्याच्या तळाशी रस्ते, कुंपणं, झाडं स्वच्छ दिसतात आणि वरून पलंग तरंगत जातो. बाहेर कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस मलप्रभेतून घाटाला लागलेला, माजघरात पातेल्यात टपटप चालू, आणि मी ते बघत बसलेलो. पुराचं पाणी इतक्या आनंदानं रंगवलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

हा सिनेमा मार्च १९७३ चा. त्याच्या आधीचा भाग डिसेंबर १९७२ चा, नाव 'पांडा कोपांडा', म्हणजे पांडा आणि पांडाचं पिल्लू. दोन्ही अर्ध्या-पाऊण तासाचे, लहान मुलांसाठी, घाईत केलेले. १९७२ च्या ऑक्टोबरात चीननं टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयाला दोन पांडे दिले होते आणि सगळ्या जपानला पांड्यांचं वेड लागलेलं. त्या लाटेवर हे काम मिळालं. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, कथा-पटकथा हायाओ मियाझाकी यांची. पुढे या दोघांनी १९८५ मध्ये 'स्टुडिओ जिब्ली' उभा केला. ताकाहातांनी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज' केला, मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'ला ऑस्कर मिळालं. ही नावं मी ऐकून होतो. पण ती ज्या कामांमुळे ऐकू आली, त्यांच्या आधी ही माणसं काय करत होती, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. चित्रकलेच्या शिक्षकाला तो पडायला हवा होता, कारण आमच्यापुढे जे मूल बसतं ते नेहमी 'आधीचं'च असतं.

मग त्या चार महिन्यांत आम्ही दुसरं काही बघितलंच नाही. पुतण्याला मी बजावलं, गाजलेले सिनेमे नंतर. आधी त्यांची कोवळी कामं दाखव.

मियाझाकी १९६३ मध्ये 'तोएई' या मोठ्या स्टुडिओत लागले. राज्यशास्त्र-अर्थशास्त्र शिकलेला पोरगा, पण काम मिळालं इन-बिटवीनरचं. म्हणजे असं: पात्रानं हात वर केला तर हात खाली असतानाचं आणि वर गेल्यावरचं अशी दोन मुख्य चित्रं मोठा चित्रकार काढतो, मधली सगळी चित्रं नवशिक्यानं भरायची. हमालीचंच काम ते. १९६५ मध्ये तिथं गलिव्हरच्या अंतराळप्रवासावर एक सिनेमा चालला होता. शेवटी गलिव्हर आणि त्याचा सोबती एका यंत्रमानव राजकन्येला वाचवतात, असं लिहिलेलं. मधली चित्रं भरणाऱ्या या पोरानं सुचवलं की राजकन्येचं यांत्रिक कवच फुटावं आणि आतून हाडामांसाची मुलगी निघावी. वरच्यांनी ते ऐकलं आणि शेवट तसा केला. मला या गोष्टीत मियाझाकींच्या हुशारीपेक्षा ऐकणाऱ्यांचं मोठेपण जास्त वाटतं. पदरी शंभर माणसं असताना खालच्या टेबलावरच्या पोराचं म्हणणं कानावर घेणारा स्टुडिओ होता, म्हणून तो पोरगा टिकला.

त्याच तोएईत ताकाहाता होते. त्यांची गोष्ट मला जास्त जवळची वाटली, कारण त्यांना चित्र काढता येत नसे. टोकियो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकून आलेले. त्यांचा पहिला मोठा सिनेमा 'होरुस, सूर्याचा राजपुत्र'. काम १९६५ मध्ये सुरू झालं, सिनेमा लागला जुलै १९६८ मध्ये. अॅनिमेशनची सूत्रं यासुओ ओत्सुका यांच्याकडे होती, आणि दिग्दर्शन ताकाहातांकडेच द्या असा आग्रहही त्यांचाच. तो काळ कामगार संघटनेचा. ताकाहाता, मियाझाकी दोघंही तिचे पुढारी. कथा कशी असावी, गाव कसं दिसावं, यावर सगळे चित्रकार एकत्र बसून वाद घालत. मियाझाकींनी अख्खं गाव, त्यातली घरं, नदी, मासेमारी, सगळं कागदावर उभं केलं. दिवस वाढत गेले, पैसा संपत आला, मालक वैतागले.

या सिनेमातली दोन दृश्यं मी पुतण्याला दहादा लावायला सांगितली. एकात लांडग्यांची टोळी गावावर तुटून पडते, दुसऱ्यात उंदरांची झुंड. सिनेमा इतका वेळ वाहत्या पाण्यासारखा चाललेला असतो आणि अचानक थांबतो. लांडगा हवेत, तोंड उघडं, बाई मूल छातीशी धरून वळलेली. सगळी स्थिर चित्रं, त्यांच्यावरून फक्त कॅमेरा सरकतो. हलती चित्रं काढायला वेळ आणि पैसा उरला नव्हता, म्हणून असं केलं. बघणाऱ्याला त्यात ओढाताण दिसते, मान्य. पण मला आमच्या घाटाखालची पिंगुळी आठवली. कुडाळजवळच्या त्या गावात ठाकर समाजाचे चित्रकथी रामायणातली चित्रं एकेक पान पुढे करून गातात. चित्र हलत नाही. सांगणाऱ्याचा आवाज आणि पान पालटण्याची घडी मिळून युद्ध उभं राहतं. पैसे संपल्यावर टोकियोतली माणसं नकळत तिथंच पोचली, असं मला वाटलं. पुतण्या म्हणाला, "काका, ती तडजोड होती." होती, पण हात कुठे नेऊन ठेवायचा हे ठाऊक असलेल्यांचीच तडजोड अशी दिसते.

'होरुस' चालला नाही. काही दिवसांतच थिएटरांतून उतरला आणि तोएईनं ताकाहातांना पुन्हा सिनेमा दिला नाही. १९७१ मध्ये ताकाहाता, मियाझाकी आणि योइची कोताबे असे तिघं तिथून बाहेर पडले, 'पिप्पी लाँगस्टॉकिंग' या स्वीडिश पुस्तकावर मालिका करायची म्हणून. मियाझाकी स्वीडनला जाऊन रस्ते-घरं बघून आले, पण लेखिका आस्त्रिद लिंडग्रेननं परवानगी दिली नाही. तयार केलेली सगळी रेखाटनं पडून राहिली. 'पांडा कोपांडा'मधली मिमिको नीट बघा: तांबडे केस, बाजूला ताठ उभ्या वेण्या, आईबापांवाचून एकटी घर चालवणारी. पिप्पीच ती, नाव बदलून आलेली. आणि तो मोठा पांडा, रुंद छातीचा, शांत, सगळे दात दाखवून हसणारा, १९८८ मध्ये मियाझाकींच्या सिनेमात 'टोटोरो' होऊन परत आला. मिमिकोच्या पलंगाखालचा पूरही ३५ वर्षांनी त्यांच्याच 'पोन्यो'मध्ये आला. या माणसांनी काही टाकून दिलंच नाही.

ताकाहातांचं आणखी एक काम सांगायलाच हवं, 'सेलोवादक गोश'. केंजी मियाझावा यांच्या कथेवरून केलेला, तासाभराचा, १९८२ चा. एका लहान स्टुडिओनं पोटापाण्याची कामं सांभाळून फावल्या वेळात सहा वर्षं खपून तो पुरा केला. खेड्यातला एक वाईट वाजवणारा सेलोवादक; रात्री त्याच्या झोपडीत मांजर येतं, कोकीळ येते, रानकुत्र्यासारखं एक पिल्लू येतं आणि त्यांच्यामुळे त्याचा हात सुधारतो. चित्रकार तोशित्सुगु साइदा यांनी बोटं खरी पडावीत म्हणून सेलो वाजवायला शिकून घेतलं. नंतरच्या भव्य कामांपेक्षा मला हेच ताकाहातांचं सगळ्यात शुद्ध काम वाटतं. त्या रात्री लाईट गेली आणि बॅटरीवर शेवट बघितला, म्हणूनही असेल.

आजच्या काळातलं उदाहरण पुतण्याच्या पिढीचं. माकोतो शिंकाई एका व्हिडिओ गेमच्या कंपनीत नोकरी करत, रात्री घरी आपल्या संगणकावर चित्रं करत. १९९९ मध्ये त्यांनी पाचेक मिनिटांची काळी-पांढरी फिल्म केली, एकट्या राहणाऱ्या मुलीची आणि तिच्या मांजराची. मांजराचा आवाजही स्वतःच दिला. २००२ मध्ये पंचवीस मिनिटांची दुसरी फिल्म जवळजवळ एकट्यानं केली. त्यांचा गाजलेला 'युअर नेम' त्यानंतर चौदा वर्षांनी.

आता माझी गोष्ट. ती मला सोपी नाही.

१९९३ मध्ये मी जांबोटीकडच्या एका मराठी हायस्कुलात होतो. त्या वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचं. गावात दोन-तीन टीव्ही, अँटेना फिरवायला एक जण कौलांवर. शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा आणि तो गुरगुरला की पोरं अंग चोरून बसत. ही मालिका जपानची होती हे तेव्हा कुणाला ठाऊक? निप्पॉन अॅनिमेशननं १९८९ मध्ये केलेली, ५२ भागांची, दिग्दर्शक फुमियो कुरोकावा. त्याच निप्पॉन अॅनिमेशननं १९७८ मध्ये मियाझाकींना त्यांची पहिली स्वतंत्र मालिका दिली होती, 'भविष्यातला कोनान', २६ भागांची. म्हणजे जिथं मियाझाकी दिग्दर्शक झाले, त्याच घराचं एक चित्र भीमगडच्या रानाकडेच्या पोरांपर्यंत येऊन पोचलं होतं. आमच्या पोरांनी गवा पाहिलेला, अस्वल पाहिलेलं, रात्री बिबट्यानं गोठ्यातलं वासरू नेल्याची ओरड ऐकलेली. सोमवारच्या तासाला सगळ्यांच्या वहीत मोगली असायचा, पण झाडं मात्र आमची: जांभूळ, मत्ती, कुंभा.

आठवीतल्या एका मुलानं भूगोलाच्या वहीचे सगळे खालचे कोपरे भरून टाकले होते. पानं अंगठ्यानं भरभर सोडली की मोगली एका फांदीवरून सुटून दुसरी पकडायचा. मी ते बघितलं. सरसर सुटणाऱ्या त्या मोगलीच्या पाठीत वजन होतं, फांदी पकडताना गुडघे पोटाशी यायचे. हे त्या मुलाला कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि मी वही जप्त केली. वही नासवलीस म्हणून रागावलो, वडिलांना बोलावतो म्हणालो. वही माझ्या कपाटात राहिली. दोन वर्षांनी कपाट साफ करताना जुन्या उत्तरपत्रिकांबरोबर ती रद्दीत गेली. मुलगा दहावीनंतर गोव्याला कामाला गेला.

'पांडा' बघताना ती वही माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मी उठून बाहेर जाऊन बसलो.

जपानमधेही गोष्टी हरवतात. १९१७ मध्ये जुनइची कोउची यांनी 'नामाकुरा गाताना' नावाची काही मिनिटांची फिल्म केली. एक बावळट सामुराई बोथट तलवार विकत घेतो, धार बघायला वाटेवरच्या माणसांवर चालवायला जातो आणि मार खातो. नव्वद वर्षं ती कुणी बघितलेली नव्हती. मग ओसाकातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका अभ्यासकाला फिल्मचं रीळ सापडलं, आणि २००८ मध्ये लोकांनी ती पुन्हा बघितली. बाजारात का होईना, रीळ होतं. आमचं काय आहे?

आमचं होतं, आणि त्याच्याही आधीचं होतं. धुंडिराज गोविंद फाळके म्हटलं की 'राजा हरिश्चंद्र', १९१३, कोरोनेशन थिएटर, एवढं शाळकरी पोरही सांगतं. पण त्यांचं पहिलं काम ते नव्हे. १९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसनचा कॅमेरा मागवला. कॅमेरा आला, पण पैसे लावायला कोण तयार होणार? फाळक्यांनी दादरच्या घरात एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर बी फुटलं, कोंब वर आला, वेल चढत गेला. 'अंकुराची वाढ'. ते बघून फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, रात्र रात्र जागून फिल्मला भोकं पाडली. भारतीय सिनेमाची सुरुवात राजानं नव्हे, वाटाण्यानं केली.

एकेक चौकट थांबून घ्यायची आणि सलग दाखवायची, हेच तर अॅनिमेशनचं मूळ. फाळके इथंच थांबले नाहीत. नाशिकला गेल्यावर, पहिल्या महायुद्धात कच्ची फिल्म मिळेनाशी झालेली असताना, १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. पेटीतल्या काड्या हातानं इंचभर सरकवायच्या, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायच्या. पडद्यावर त्या आपोआप हलतात, आकार धरतात. 'लक्ष्मीचा गालिचा'मध्ये नाण्यांचा असाच खेळ. म्हणजे कोउचींच्या बोथट तलवारीच्या दोन वर्षं आधी नाशिकला एक मराठी माणूस काड्यांना चालायला शिकवत होता. मी त्या काड्या कुठेच पाहू शकलेलो नाही. पुतण्यानं किती शोधलं, पुण्यात कुणाकुणाला विचारलं. हाती लागलं ते फक्त नाव.

कोल्हापूरकडे बघितलं तरी हेच. व्ही. शांताराम म्हणजे 'दो आंखें बारह हाथ', 'पिंजरा'. पण पोरवयात ते हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते आणि तिथल्याच थिएटरात पडेल ते काम करत. कोल्हापूरहून हुबळीला जाणारी गाडी मिरज-लोंढा मार्गानं आमच्या खानापूर स्टेशनावरूनच जाते. पुढे त्यांच्या प्रभात कंपनीनं पुण्यात १९३४-३५ च्या सुमारास 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा व्यंगचित्रपट काढला. 'अमृतमंथन' सगळ्यांना माहीत. जंबूकाका कुणाला?

मला माहितीचा नुसता साठा करायचा नाही. मोठ्या माणसाचं मोठं काम बघून मूल गप्प होतं; त्याला वाटतं, हे आपल्यानं व्हायचं नाही. लहान काम बघून त्याचा हात शिवशिवतो. वेळ नसल्यानं थांबलेले लांडगे, परवानगी न मिळाल्यानं नाव बदललेली मुलगी, कुंडीतला वाटाणा; हे वर्गात दाखवता येतं. पण दाखवायला ते शिल्लक असावं लागतं, आणि शिल्लक राहायला कुणीतरी कपाट साफ करताना हात आखडावा लागतो.

यंदा मे महिन्यात नात निपाणीहून सुट्टीला आली. नऊ वर्षांची. तिला मी फाळक्यांची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "आज्जा, आपण पण करू या की." खानापूर म्हणजे कुंभारांचं गाव, बाजारातून एक लाल कुंडी आणली, वाटाणे रात्रभर भिजवून तीन पेरले. पुतण्याचा जुना मोबाईल स्टुलावर पुस्तकांच्या चळतीत घट्ट बसवला, स्टुलाच्या पायांभोवती खडूनं खुणा केल्या.

तेव्हा मला एक हिशेब कळला. फाळके रोज एक चौकट घेत, असं सांगितलं जातं. त्या काळच्या फिल्मच्या वेगानं, सेकंदाला सोळा-एक चौकटी धरल्या, तर महिन्याचं पडद्यावर दोन सेकंदसुद्धा होत नाही. बघणाऱ्याची पापणी मिटून उघडेपर्यंत संपेल. नाडकर्णींना अंकुर फुटताना दिसला असेल तर फाळके दिवसातून कितीतरी वेळा त्या कुंडीपाशी गेले असणार. आम्ही दिवसाला बारा घ्यायचं ठरवलं. सकाळी सहाला पहिला मी, रात्री शेवटचा ती. तिसऱ्या दिवशी माती भेगाळली. सहाव्या दिवशी वेल खिडकीकडे इतका कलला की नातीनं कुंडी फिरवायला हात घातला, मी धरला. दहाव्या दिवशी केर काढताना बायकोनं स्टूल सरकवलं आणि पुन्हा ठेवलं, खडूच्या खुणेपासून दोन बोटं बाजूला.

एकविसाव्या दिवशी वळवाच्या पावसात वेल आडवा झाला. पुतण्यानं पुण्याहून सगळे फोटो जोडून पाठवले, पंचवीस सेकंद झाले. मधे एकदा कुंडी टुणकन उडी मारते. पुतण्यानं विचारलं होतं, ती उडी काढून टाकू का, सहज निघते. नातीनं मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "नको. तिथं आज्जी केर काढती आहे."

फिल्म मी तीन ठिकाणी ठेवली आहे. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक नातीकडे, आणि एक पेन ड्राइव्ह त्या जुन्या कपाटात, जिथं पूर्वी उत्तरपत्रिका असायच्या.